सही असूनही ॲप्लेट अडते: वजनकाट्यावर दर हंगामाच्या तोंडी येणाऱ्या एका तक्रारीचे निवारण

पश्चिम महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चालणाऱ्या जावा ॲप्लेटची (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या छोट्या जावा प्रोग्रामची) देखभाल मी काही वर्षे केली. काट्याच्या इंडिकेटरमधून सीरियल पोर्टद्वारे (संगणकाच्या जुन्या पद्धतीच्या तारजोडणीने) येणारे वजन वाचायचे आणि ब्राउझरमधल्या पावतीच्या रकान्यात भरायचे, एवढेच त्याचे काम होते. वजन हाताने टाकण्याची सोय मुद्दामच ठेवली नव्हती, कारण काटा मारला जातो हा संशय ऊस उत्पादकाच्या मनात कायम असतो आणि भरलेल्या व रिकाम्या गाडीचा आकडा माणसाच्या हातून न जाता थेट यंत्रातून यावा, हीच त्या व्यवस्थेची अट होती. त्यामुळे ॲप्लेट अडले की काटा अडत असे, आणि काटा अडला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग केनयार्डाबाहेर (ऊसगाड्या थांबण्याच्या आवाराबाहेर) रस्त्यावर येत असे.

तक्रार दर वर्षी एकाच वेळी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळप हंगाम सुरू होताना येत असे: ‘मार्चपर्यंत चालत होते, आता जावा ब्लॉक झाले म्हणते, पुन्हा सही करून द्या.’ आम्ही ॲप्लेटवर पुन्हा डिजिटल सही करून देत असू आणि हंगाम निघून जात असे. हीच चूक होती. पुन्हा सही केल्याने लक्षण तेवढे जात असे आणि कारण जागेवरच राहत असे. शिवाय कारण एक नव्हते. चार-पाच निरनिराळे दोष एकाच संदेशामागे दडलेले होते आणि दर वर्षी त्यातला वेगळा दोष पुढे येत असे.

परवानगी लागते कशासाठी

सही नसलेले ॲप्लेट सँडबॉक्समध्ये चालते. ते ज्या सर्व्हरवरून आले त्या सर्व्हरशी बोलू शकते, पण यंत्रावरची फाइल वाचणे, सीरियल पोर्ट उघडणे किंवा नेटिव्ह लायब्ररी चढवणे त्याला शक्य नसते. १९९६ साली आलेल्या पहिल्या जेडीकेमध्ये (जावाच्या विकास-संचात) ही बंधने सर्वच ॲप्लेटवर सरसकट होती. सही करून ती सैल करण्याची सोय जेडीके १.१ मध्ये आली, आणि आज आपण वापरतो ती कीटूल (की व प्रमाणपत्रे बनवणारे) व जारसाइनर (सही करणारे) ही साधने १९९८ अखेरीच्या जेडीके १.२ पासूनची आहेत. आमचे ॲप्लेट आरएक्सटीएक्स ही लायब्ररी वापरत होते. तिचा अर्धा भाग जार फाइलमध्ये (जावा कोडच्या गठ्ठ्यात) व अर्धा डीएलएलमध्ये (विंडोजच्या नेटिव्ह लायब्ररीत) असल्याने सर्व परवानग्या मिळाल्याशिवाय ते एक पाऊलही पुढे टाकू शकत नव्हते.

सही म्हणजे नेमके काय, हे एकदा डोळ्यांखालून घालावे. जार फाइल ही झिपच असते. सही झाल्यावर तिच्या मेटा-इन्फ फोल्डरमध्ये तीन गोष्टी दिसतात: प्रत्येक क्लासचा (कोडच्या फाइलचा) डायजेस्ट, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, असलेली मॅनिफेस्ट फाइल, त्या मॅनिफेस्टचाच डायजेस्ट धरून ठेवणारी एसएफ विस्ताराची फाइल, आणि प्रत्यक्ष सही व प्रमाणपत्रे असलेली आरएसए किंवा डीएसए विस्ताराची फाइल. सहीनंतर एखादा क्लास बदलला तर डायजेस्ट जुळत नाही आणि सिक्युरिटी एक्सेप्शन येते. सहीनंतर नवी फाइल घातली तर ती सहीविना राहते. म्हणून बिल्डमध्ये, म्हणजे जार तयार करण्याच्या क्रमात, सही हे शेवटचे पाऊल असले पाहिजे. मॅनिफेस्ट ‘नंतर नीट करू’ असे म्हणणारी स्क्रिप्ट सही मोडते.

आधी संदेश ओळखावा

काट्यावरून फोन येतो तेव्हा ‘जावा ब्लॉक’ एवढेच कळते. त्यावर विसंबून काही करू नये. जावा कंट्रोल पॅनेलच्या ॲडव्हान्स्ड भागात जाऊन कन्सोल दाखवण्याची सोय चालू करावी, कन्सोलमध्ये ५ हे बटण दाबून ट्रेसची पातळी वाढवावी आणि ॲप्लेट पुन्हा चढवावे. मग तीनपैकी एक चित्र दिसते.

ॲप्लेट सुरू होण्याआधीच चौकट येऊन ते थांबले, तर दोष प्रमाणपत्रात, मॅनिफेस्टमध्ये किंवा त्या यंत्राच्या सुरक्षा-मांडणीत आहे. ॲप्लेट सुरू झाले, पण पुढे ॲक्सेस कंट्रोल एक्सेप्शन व त्यात ‘ॲक्सेस डिनाइड’ आले, तर बहुधा सही मान्य झालेली आहे आणि दोष कोडमध्ये आहे. तिसरे चित्र फसवे आहे: अनसॅटिस्फाइड लिंक एरर. हा परवानगीचा प्रश्नच नसतो, डीएलएल सापडलेली नसते. आमच्याकडे ती डीएलएल जेआरईच्या (यंत्रावर बसवलेल्या जावाच्या) बिन फोल्डरमध्ये टाकलेली होती. जावा ८ ची प्रत्येक अद्ययावत आवृत्ती स्वतःचे नवे फोल्डर करते आणि जुने काढून टाकते, त्याबरोबर डीएलएलही जाते. एका हंगामात आम्ही याच त्रुटीसाठी तीन वेळा सही केली होती, हे सांगताना आजही संकोच वाटतो. त्यानंतर डीएलएल जेआरईच्या बाहेर, विंडोजच्या पाथमध्ये असलेल्या स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवली. ३२ बिट जावाला ३२ बिटचीच डीएलएल लागते, हेही तेव्हाच तपासले.

नव्वद दिवस आणि एक वर्ष

जानेवारी २०१४ पर्यंत आमच्या ॲप्लेटवर स्वतःच तयार केलेल्या, म्हणजे सेल्फ-साइन्ड प्रमाणपत्राची सही होती. काट्यावरचा लिपिक इशाऱ्याच्या चौकटीत ‘रन’ दाबून पुढे जात असे आणि ते प्रमाणपत्र केव्हाच संपलेले आहे हे कोणाच्या लक्षातही येत नसे. १४ जानेवारी २०१४ रोजी जावा ७ अपडेट ५१ आले, तेही ऐन हंगामात. त्या आवृत्तीपासून ‘हाय’ या नेहमीच्या पातळीवर सेल्फ-साइन्ड व सहीविना ॲप्लेट थेट अडवली जाऊ लागली आणि मॅनिफेस्टमध्ये परमिशन्स ही ओळ सक्तीची झाली. आधीची इतकी वर्षे झाकलेले सगळे दोष त्या एका आठवड्यात उघडे पडले.

घाईत आम्ही संस्थेपुरते स्वतःचे मूळ प्रमाणपत्र तयार केले, त्यावरून सहीचे प्रमाणपत्र काढले आणि काम चालू केले. कीटूलने प्रमाणपत्र काढताना मुदत सांगितली नाही तर ती ९० दिवस धरली जाते, हे तेव्हा ध्यानात आले नाही. जानेवारीत काढलेले प्रमाणपत्र एप्रिलमध्ये संपले. तोवर गाळपही संपले होते, त्यामुळे कोणाला काही कळले नाही, आणि नोव्हेंबरमध्ये पहिली गाडी काट्यावर चढली तेव्हा चौकट आली: मुदत संपलेल्या किंवा अद्याप सुरू न झालेल्या प्रमाणपत्राने सही केलेले ॲप्लेट अडवले आहे. मग शहाणे होऊन मुदत ३६५ दिवस केली. हंगामाच्या तोंडी दिलेली एक वर्षाची मुदत पुढच्या हंगामाच्या तोंडीच संपणार, हे साधे गणित होते, पण हंगाम आणि मुदत यांचा मेळ आम्ही स्वतःच घालून दिला आहे हे लक्षात यायला दुसरे वर्ष जावे लागले.

टाइमस्टॅम्प: खरा इलाज

मुदत वाढवणे हा इलाज नव्हे. प्रमाणपत्र कधीतरी संपणारच. प्रश्न असा आहे की ते चालू असताना केलेली सही ते संपल्यावर ग्राह्य धरायची की नाही. सही केव्हा झाली याचा विश्वासार्ह पुरावा असेल तरच ती धरता येते, कारण यंत्रावरचे घड्याळ कोणीही मागे करू शकतो. हा पुरावा म्हणजे टाइमस्टॅम्प. जारसाइनरला टीएसए या पर्यायात वेळ-प्रमाणन सेवेचा पत्ता दिला की तो सहीचा डायजेस्ट त्या सेवेकडे पाठवतो, सेवा त्यावर वेळ घालून स्वतःची सही करते आणि ती नोंद जार फाइलमध्येच बसते. नंतर मूळ प्रमाणपत्र संपले तरी ‘सही त्या दिवशी झाली, त्या दिवशी प्रमाणपत्र चालू होते’ हे जावाला पडताळता येते. ही सोय जावा ५ पासून आहे.

आमच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये टाइमस्टॅम्प मुळात होता. तो गेला कसा, हे शोधल्यावर कळले की संस्थेच्या नेटवर्कमध्ये प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाणारा मधला सर्व्हर) आल्यावर वेळ-प्रमाणन सेवेपर्यंत विनंती पोहोचेना आणि सही करतानाच त्रुटी येऊ लागली. कोणीतरी तो पर्याय काढून टाकला आणि सही ‘यशस्वी’ झाली. टाइमस्टॅम्प मागितला आणि मिळाला नाही तर जारसाइनर थांबतो, मागितलाच नाही तर फक्त एक सूचना देऊन पुढे जातो. अशा साधनापुढे घाईतला माणूस कोणता मार्ग धरेल, हे उघड आहे. योग्य मार्ग प्रॉक्सीचा पत्ता जारसाइनरमागच्या जावाला देण्याचा होता. जे अक्षर आडवी रेघ देऊन पर्यायांपुढे लावले की सिस्टिम प्रॉपर्टी थेट आत जाते. काम दोन ओळींचे होते.

टाइमस्टॅम्प खरोखर बसला की नाही हे पाहण्यासाठी जारसाइनर पडताळणीच्या, सविस्तर आणि प्रमाणपत्रांसह अशा तिन्ही पर्यायांनी चालवावा. प्रत्येक नोंदीखाली ती कोणत्या दिवशी सही झाली याची ओळ आली तर टाइमस्टॅम्प आहे, ओळ नसेल तर नाही. स्ट्रिक्ट हा पर्याय लावला की संपलेले प्रमाणपत्र, चुकीच्या उपयोगाचे प्रमाणपत्र किंवा सहीविना नोंदी यांसाठी बिल्ड अडवता येते. टाइमस्टॅम्प नसणे मात्र त्या साधनाच्या लेखी केवळ माहितीची सूचना आहे, त्यामुळे केवळ स्ट्रिक्टवर विसंबू नये. आम्ही पडताळणीच्या मजकुरात ती ओळ शोधणारी आणि न सापडल्यास बिल्ड पाडणारी छोटी तपासणी लिहिली. सर्व दुरुस्त्यांमध्ये सर्वाधिक उपयोग तिचाच झाला.

सहा महिने बंद राहिलेले यंत्र

टाइमस्टॅम्प आल्यावरही पुढच्या हंगामात दोन काट्यांपैकी एका काट्यावर तीच चौकट आली. प्रमाणपत्र ठीक, सही ठीक, शेजारच्या काट्यावर तीच जार फाइल व्यवस्थित चालत होती. काट्याच्या खोलीतले ते यंत्र एप्रिलपासून बंद होते, मदरबोर्डवरची बॅटरी संपली होती आणि चालू केल्यावर यंत्राचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले होते. त्या घड्याळाच्या दृष्टीने प्रमाणपत्र अजून सुरूच व्हायचे होते. चौकटीतले ‘अद्याप सुरू न झालेल्या’ हे शब्द आम्ही वाचलेच नव्हते, कारण ‘मुदत संपलेल्या’ हे वाचण्याची सवय झाली होती. बॅटरी बदलली आणि यंत्राचे घड्याळ कारखान्याच्या सर्व्हरशी जोडून दिले.

बंद यंत्राशी निगडित दुसरे कारण म्हणजे जेआरईची स्वतःची कालमर्यादा. ओरॅकलच्या सुरक्षा आवृत्त्या जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा तिमाहीने निघतात आणि प्रत्येक जेआरईमध्ये एक तारीख कोरलेली असते. ती उलटली की इंटरनेट नसले तरी जेआरई स्वतःला कालबाह्य समजते आणि ॲप्लेट चालवण्याआधी अद्ययावत करा, अडवा की नंतर पाहू, असे विचारते. मार्चमध्ये बरोबर चाललेले जेआरई नोव्हेंबरमध्ये कालबाह्य असणारच. बाहेरच्या जगाशी जोडलेल्या यंत्रावर यावर एकच उत्तर आहे, ते म्हणजे अद्ययावत करणे. आमची काट्याची यंत्रे बंद नेटवर्कवर होती, म्हणून संपूर्ण यंत्रासाठी लागू होणाऱ्या डिप्लॉयमेंट प्रॉपर्टीज फाइलमध्ये ही तपासणी बंद केली. इंटरनेट असलेल्या यंत्रावर हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरे कारण माणसांचे. हंगामागणिक काट्यावरचे लिपिक बदलतात, प्रत्येकाचे विंडोज खाते वेगळे, आणि ‘या प्रकाशकावर नेहमी विश्वास ठेवा’ ही खूण व एक्सेप्शन साइटची यादी ही दोन्ही त्या-त्या खात्याच्या लोकललो फोल्डरमध्ये जातात. हे फोल्डर रोमिंग प्रोफाइलबरोबर फिरत नाही. त्यामुळे नव्या माणसाला तोच इशारा पुन्हा दिसतो आणि ‘पुन्हा बिघडले’ अशी नोंद होते. मूळ प्रमाणपत्र यंत्राच्या पातळीवर बसवले तर हा प्रश्न बराच कमी होतो. मात्र ते जेआरईच्या आतील केकर्ट्स (विश्वासार्ह मूळ प्रमाणपत्रांच्या) फाइलमध्ये घातले तर पुढच्या अपडेटबरोबर तेही पुसले जाते, म्हणून की-स्टोअर, म्हणजे प्रमाणपत्रे ठेवायची फाइल, जेआरईच्या बाहेर ठेवून डिप्लॉयमेंट प्रॉपर्टीजमध्ये त्याचा मार्ग द्यावा.

मॅनिफेस्टची शेवटची ओळ

परमिशन्स ही ओळ मुख्य जार फाइलच्या मॅनिफेस्टमध्ये हवी आणि तिचे मूल्य ‘ऑल-परमिशन्स’ किंवा ‘सँडबॉक्स’ यांपैकी एक असते. ती ओळ आम्ही लिहिली होती, तरी ‘मुख्य जारमध्ये परमिशन्स ही आवश्यक ओळ नाही’ असा संदेश येत होता. जार साधनाला आपण जी मजकूर-फाइल देतो तिच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलेले नसेल तर ती ओळ गळून जाते, कोणताही इशारा न देता. आमची परमिशन्सची ओळ नेमकी शेवटची होती. ती कोणी वर सरकवली की सगळे चालत असे, कोणी खाली नवी ओळ घातली की ती नवी ओळ गळत असे. मध्येच रिकामी ओळ सुटली तरी मुख्य भाग तिथेच संपतो आणि पुढचे सारे वाया जाते. म्हणून मूळ मजकूर-फाइलीकडे न पाहता, तयार झालेल्या जारमधून मॅनिफेस्ट बाहेर काढून तीच वाचावी.

त्याच फाइलीत कोडबेस ही ओळ असावी. हे ॲप्लेट कोणत्या सर्व्हरवरूनच चालावे, हे ती सांगते. सर्व परवानग्या असलेली आपली सही केलेली जार फाइल कोणीही उतरवून आपल्या पानात बसवू शकतो, आणि तिथे तिच्याकडून आपल्याला नको ते करून घेऊ शकतो. हा धोका कोडबेसने बराच आटोक्यात येतो. एक पथ्य आहे: सर्व्हरचा पत्ता आकड्यांत लिहिला आणि पुढे नेटवर्कवाल्यांनी तो बदलला तर ॲप्लेट अडते. तेथे सर्व्हरचे नाव लिहावे.

लायब्ररीची जुनी सही

प्रमाणपत्र बदलल्यावर मुख्य जार फाइलवर नवी सही झाली, पण आरएक्सटीएक्सच्या जारवर जुनीच राहिली. अँट या बिल्ड-साधनाच्या साइनजार टास्कमध्ये ‘लेझी’ ही खूण चालू होती. तिचा अर्थ असा की सहीची फाइल आधीच दिसत असेल तर पुन्हा सही करू नये. वेळ वाचवणारी ही सोय प्रमाणपत्र बदलते तेव्हा घातक ठरते. ती बंद करून नुसते पुन्हा चालवले तर, ॲलियस (की-स्टोअरमधले कीचे नाव) बदललेला असल्यास, एकाच जारमध्ये दोन सह्या बसतात. त्यामुळे आधी मेटा-इन्फमधल्या जुन्या सहीच्या फाइली काढून टाकाव्यात आणि मग सही करावी. एकाच पॅकेजमधले क्लास दोन निरनिराळ्या सहीकर्त्यांच्या जारमध्ये विभागलेले असतील तर सहीकर्त्याची माहिती जुळत नसल्याची वेगळीच त्रुटी येते. तिचेही उत्तर हेच, की सर्व जार फाइलींवर एकाच प्रमाणपत्राने सही असावी.

याच ठिकाणी एप्रिल २०१७ चे एक प्रकरण सांगितले पाहिजे. त्या महिन्यातल्या जावा ८ अपडेट १३१ पासून एमडी५ ही जुनी डायजेस्ट-पद्धत वापरून केलेल्या सह्या सही नसल्यासारख्याच धरल्या जाऊ लागल्या. कुठून तरी उतरवलेली, कधीकाळी सही झालेली जुनी लायब्ररी आपल्या फोल्डरमध्ये असेल तर ती अशीच एके दिवशी अपडेटनंतर अडते. पुढे एसएचए-१ वरही बंधने आली. नवी सही एसएचए-२५६ नेच करावी.

पानावरच्या बटणाचा घोटाळा

इतके सारे झाल्यावर उरली ती सर्वांत चकवणारी त्रुटी. ॲप्लेट निमूटपणे सुरू होई, स्वतःच्या खिडकीतले बटण दाबले की वजन येई, पण पानावर नव्याने केलेले ‘वजन घ्या’ हे सुबक बटण दाबले की ‘ॲक्सेस डिनाइड’. जार तीच, सही तीच, मेथडही तीच.

सही ही जार फाइलीतल्या क्लासना मिळते, परंतु परवानगीची तपासणी एका क्लासची होत नाही. पोर्ट उघडण्याची वेळ आली की जावा कॉल-स्टॅकवरची (कोणी कोणाला बोलावले त्या साखळीतली) प्रत्येक पायरी तपासते आणि त्यातल्या सर्वांत दुबळ्या पायरीला जेवढी परवानगी असेल तेवढीच देते. ॲप्लेटच्या स्वतःच्या बटणाने सुरू झालेल्या कॉलमध्ये सर्व पायऱ्या सही केलेल्या क्लासच्या असतात. पानावरच्या बटणाचा कॉल जावास्क्रिप्टमधून येतो आणि त्या पायरीला सँडबॉक्सएवढीच परवानगी असते. त्यामुळे वरचे सारे क्लास सही केलेले असूनही एकूण निकाल ‘नाही’ असाच येतो. याला कितीही वेळा पुन्हा सही केली तरी फरक पडत नाही.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे पोर्ट उघडण्याचा भाग ॲक्सेस कंट्रोलरच्या डू-प्रिव्हिलेज्ड या मेथडमध्ये गुंडाळणे. त्या बिंदूच्या खालच्या पायऱ्या मग तपासल्या जात नाहीत, आपला क्लास ‘याची जबाबदारी माझी’ असे सांगतो. हा भाग शक्य तितका लहान ठेवावा आणि पानाकडून आलेले मूल्य तपासल्याशिवाय त्यात वापरू नये. आमच्या जुन्या कोडमध्ये पोर्टचे नाव जावास्क्रिप्टकडून येत होते आणि ते फाइलच्या मार्गासारखेच वापरले जात होते, म्हणजे पान जे सांगेल ते उघडण्याची तयारी होती. ते काढून ठरावीक दोन पोर्टांची नावे कोडमध्येच ठेवली. इथे आणखी एक खाच आहे: जावास्क्रिप्टच्या कॉलमधून नवा थ्रेड (समांतर चालणारे काम) सुरू केला तर तो थ्रेडही तीच तोकडी परवानगी वारसा म्हणून घेतो, त्यामुळे ‘वेगळ्या थ्रेडवर टाकले की सुटेल’ हा तर्क चालत नाही.

दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे. वजन वाचणारा थ्रेड ॲप्लेट सुरू होतानाच, म्हणजे सही केलेल्या क्लासच्या स्वतःच्या कॉलमधून चालू करावा. जावास्क्रिप्टच्या मेथडने केवळ ‘वजन हवे’ एवढी नोंद रांगेत टाकावी आणि थ्रेडने ती उचलून पोर्ट वाचावे. पानाचा हात पोर्टपर्यंत पोहोचतच नाही. जावा ७ अपडेट ४५ पासून अशा कॉलसाठी इशारा येऊ लागला. तो टाळण्यासाठी मॅनिफेस्टमध्ये कॉलर-अलाउएबल-कोडबेस या ओळीत आपल्या सर्व्हरचे नाव द्यावे.

डीएससीने (डिजिटल सही प्रमाणपत्राने) सही का चालत नाही

कारखान्याच्या कार्यालयाकडून वारंवार येणारी एक सूचना अशी: ‘ई-निविदेसाठी घेतलेले डीएससीचे टोकन आहेच, त्यानेच ॲप्लेटवर सही करा.’ माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली परवानाधारक संस्थांकडून व्यक्तीला मिळणारे ते प्रमाणपत्र कागदपत्रावरच्या सहीसाठी असते. प्रमाणपत्रातच त्याचा उपयोग लिहिलेला असतो आणि त्यात कोडवर सही करण्याचा उपयोग नसेल तर जारसाइनर तसा इशारा देतो व ब्राउझरमधले जावा प्लगइन ते स्वीकारत नाही. शिवाय संचालकाच्या नावाचे टोकन बिल्डच्या यंत्रात अडकवून ठेवणे हे वेगळ्याच अर्थाने धोक्याचे आहे. बाजारातले कोड-सही प्रमाणपत्र घ्यायचे, तर १ जून २०२३ पासून त्याची खासगी की हार्डवेअर टोकनमध्येच असावी लागते आणि जारसाइनर त्या टोकनशी जोडावा लागतो. बंद नेटवर्कवरच्या दोन काट्यांसाठी संस्थेचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र पुरेसे आहे, आणि त्याची की कुलूपबंद ठेवलेल्या पेनड्राइव्हवर असणे ही त्यातली खरी अट आहे.

दुरुस्ती केल्यावर

नवी जार सर्व्हरवर टाकली तरी काट्यावरचे यंत्र जुनीच चालवते, कारण प्लगइन जार फाइली साठवून ठेवते. कंट्रोल पॅनेलमधून तात्पुरत्या फाइली पुसाव्यात, ब्राउझर पूर्ण बंद करून उघडावा. नुसते पान ताजे करणे पुरत नाही. चाचणी घेताना कन्सोलमध्ये एक्स दाबून क्लासलोडरचा साठा रिकामा करता येतो.

हे सारे मुख्यतः जावा ८ पर्यंतच्या आवृत्त्यांना लागू आहे. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये ४५ व्या आवृत्तीत आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ५२ व्या आवृत्तीत या प्लगइनचा आधार काढला आणि जावा ११ मध्ये प्लगइनच उरले नाही. एजमधील आयई मोडवर काही काळ निभावता येते. सीरियल पोर्ट ब्राउझरमधून वाचायचा असेल तर क्रोम ८९ पासून वेब सीरियलची सोय आहे, तिला एचटीटीपीएस आणि वापरणाऱ्याची संमती लागते, सहीची ही सारी साखळी लागत नाही. आमच्या कारखान्याने तो बदल एका काट्यावर केला आहे. दुसऱ्या काट्यावर ॲप्लेटच आहे, आणि त्याची घड्याळापासून पानावरच्या बटणापर्यंतची चाचणी आता बॉयलर अग्निप्रदीपनाच्या दिवशी, रिकाम्या ट्रॉलीचे वजन घेऊन होते. पहिली ऊसगाडी काट्यावर येण्याआधी दुरुस्तीला त्यामुळे काही दिवस हाताशी राहतात.